म्हातारी चारही पायांवर

१

"म्हातारीनं काकांना खाल्लं."

भागीदाराचा फोन आला तो असाच. हॅलो नाही, काही नाही. मी भंगाराच्या दुकानात एका जुन्या गिअरबॉक्सच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. हात बाहेर काढायचंही सुचलं नाही.

म्हातारी म्हणजे काकांची गाडी. अवाढव्य, चौकोनी, चारही चाकांना जोर देता येणारी, वयानं माझ्यापेक्षा मोठी. काका आणि त्यांचा भागीदार लोकांना डोंगरात न्यायचे आणि रस्ता संपतो तिथून पुढे गाडी कशी चालवायची ते शिकवायचे. माझा मोठा भाऊ त्यांचा मिस्त्री. मी मोडक्या गाड्यांमधून जुने पार्ट शोधून देतो. काका काही आमचे सख्खे नाहीत. बाबांचे धंद्यातले जोडीदार. बाबा गेले तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. मला बाबा माहीत आहेत ते काकांच्या तोंडून ऐकलेले.

झालं असं. डोंगरातल्या मुक्कामाला चौघं होते. काका, भागीदार, दादा आणि एक नवीन गिऱ्हाईक. हा लग्नाचे फोटो काढतो, म्हणून सगळे त्याला फोटोवाला म्हणतात. सकाळी बघतात तर म्हातारीचं मागचं डावं चाक बसलेलं. गाडीचं तोंड चढाकडे होतं. काका मागच्या बाजूनं आडवे झाले आणि ॲक्सलखाली जॅक लावून दांडा मारू लागले. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, गाडी जॅकवरून घसरून मागे आली.

दुपारी मी घरी पोचलो तर दादा मोरीच्या पायरीवर बसून हात धूत होता. स्वच्छ हात पुन्हा पुन्हा धूत होता.

"हँडब्रेक कच्चा राहिला, छोट्या. मीच नवे लायनर टाकले होते. माझ्या हातानं गेले काका."

"पण चाकाला ठोकळे नव्हते लावले?"

"ठोकळे फोटोवाल्याच्या गाडीखाली होते. ते असते तर..." आणि त्यानं पुन्हा साबण उचलला.

पोलिसांनी जबाब घेतला होता. मिस्त्रीचा निष्काळजीपणा. उद्या पुन्हा बोलावलं होतं, आणि उद्या बहुतेक आतच ठेवणार होते. दादानं जिथं सांगितलं तिथं सही केली होती. आई भिंतीला टेकून बसली होती. आधी नवरा त्याच गाडीपायी गेला, आता मुलगा.

मला ते पटेना. दादा आणि कच्चं काम? अहो, हा माणूस सायकलचा ब्रेक आवळला तरी दोनदा उतारावर चालवून बघतो.

मी आत्याला फोन लावला आणि दादा बोलला ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.

आणि इतका वेळ मेल्यासारखा बसलेला दादा एकदम ओरडला, "तिला कशाला बोलावलंस?"

२

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ठोकलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या गाड्या तपासून नुकसान कसं झालं ते सांगायचं, हा तिचा धंदा. विमा कंपन्या तिला बोलावतात आणि नंतर पस्तावतात. तिच्या पिशवीत बॅटरी असते, भिंग असतं आणि एक दात घासायचा ब्रश.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिस ठाण्यामागच्या आवारात म्हातारी उभी होती. ट्रकवर चढवून आणलेली, चिखल तसाच वाळलेला.

हवालदार म्हणाला, "मावशी, हात लावू नका. पुरावा आहे."

"मावशी असेन तुझ्या बायकोची. साहेबांना विचारून आलेय. मला सांग, गाडी काकांवर आल्यावर किती लांब गेली?"

"लांब कुठली? हातभर. अंगावर येऊन थांबली."

"आणि मागे उतार?"

"सरळ ओढ्यापर्यंत. दगडबिगड काही नाही मध्ये."

आत्यानं साडीचा पदर खोचला आणि गाडीखाली सरकली. मी बॅटरी धरली. तिनं हँडब्रेकचा ड्रम उघडला. आत लायनर कोरडे, तेलाचा थेंब नाही, सगळीकडे सारखे टेकलेले.

"हे बघ तुझ्या दादाचं काम," ती म्हणाली. "शिवणकाम केल्यासारखं आहे. हा ब्रेक घर धरून ठेवेल."

"मग गाडी आली कशी?"

"तू सांग. पार्ट विकतोस ना?"

मी डोकं खाजवलं. म्हातारीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. इंजिनकडून मागच्या चाकांना फिरवणारा जो लांब दांडा असतो, तो दांडाच हा ब्रेक धरून ठेवतो. चारही चाकं जमिनीवर आहेत तोवर झकास. पण मागचं एक चाक उचललं की ते हवेत उलटं फिरायला मोकळं, आणि त्याच्या जिवावर दुसरंही फिरायला मोकळं. ब्रेक दांडा धरून बसतो आणि गाडी चालू लागते.

"म्हणून जाणता माणूस जॅक लावण्याआधी काय करतो?" आत्यानं विचारलं.

"गाडी फोर व्हीलमध्ये टाकतो. आणि पुढच्या दोन्ही चाकांचे हब लॉक करतो. म्हणजे पुढची चाकंही त्याच ब्रेकला बांधली जातात."

हब म्हणजे चाकाच्या मधोमध असलेली मुठीएवढी चकती. लॉक आणि फ्री. हातानं फिरवायची.

"आणि दोघांतला एक फ्री राहिला तर?"

"तर पुढचंही बांधलेलं सुटतं. मागच्यासारखंच."

बोलता बोलता माझी नजर गेली. गिअर फोर व्हीलमध्ये होता. डावा हब लॉक. उजवा हब फ्री.

"काकांसारखा माणूस एकच हब लॉक करेल?" मी म्हणालो. "ट्रकवर चढवताना कुणी फिरवला असेल."

हवालदारानं फायलीतले फोटो दाखवले. अपघातानंतर लगेच फोटोवाल्याकडूनच काढून घेतलेले. त्यातही उजवा हब फ्रीच.

आत्यानं ब्रश काढला, पण घासलं काहीच नाही. नुसतं भिंगातून बघत राहिली. वाळलेल्या लाल चिखलाचा एक ओघळ वरून खाली आला होता, पण चकतीपाशी तुटला होता. अर्धा वर, अर्धा भलतीकडेच. तिनं चकती अलगद लॉककडे फिरवली. दोन तुकडे एका रेषेत आले. जणू कधी तुटलेच नव्हते. तिनं चकती परत होती तशी केली.

"चिखल उडाला तेव्हा हब लॉक होता," ती म्हणाली. "चिखल वाळला, गाडी उभी राहिली, आणि मग कुणीतरी फिरवला."

माझ्या तोंडून किंचाळीच निघाली, "म्हणजे खून! हवालदारसाहेब, हा खून आहे!"

आत्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही.

"तुला बोलायला कुणी सांगितलं होतं?"

पण बाण सुटला होता. आदल्या संध्याकाळी भागीदार आणि काका म्हातारी विकण्यावरून कडाक्याचे भांडले होते. शिवाय सकाळी भागीदार पुढे बॉनेटपाशीच उभा होता. संध्याकाळच्या आत पोलिसांनी त्याला उचललं.

३

फोटोवाल्याचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, दोन पांढऱ्या छत्र्या आणि खोट्या फुलांचा ढीग. तो स्वतः त्या फुलांसारखाच सुकला होता.

"मी विकून टाकतोय माझी गाडी," तो म्हणाला. "मला आता जॅकचा आवाज ऐकला तरी कसंतरी होतं."

"तुझ्या गाडीला हब आहेत?" आत्यानं विचारलं.

"असतील की. सगळ्याच गाड्यांना असतात ना?"

आत्यानं मला खुणावलं. मी बाहेर जाऊन बघितलं. याची गाडी जुनीच, पण चारही चाकं कायम जोडलेली. फिरवायची चकतीच नाही. याला हब म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, तर तो एकच फिरवून माणूस काय मारणार? मग मी गाडी समोरच्या चढावर नेऊन हँडब्रेक ओढला आणि पाय काढला. जागची हलली नाही. हिला ठोकळ्यांची गरजच नव्हती.

आत आलो तेव्हा तो त्या सकाळचं सांगत होता.

"काका नवीन माणसाला टायर बदलून दाखवायचेच. म्हातारीला जॅक दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाहीत. मी म्हटलं दादा आहे ना, तर म्हणाले, लग्न माझं झालंय तिच्याशी. मग ठोकळे शोधायला लागले. लाकडाचे दोन, मागे टांगलेले असायचे. नव्हते. काका ओरडले, ठोकळे कुणी नेले रे? कुणीच बोललं नाही."

"कुणीच?"

"कुणीच. मग म्हणाले, मरू दे, म्हातारी चारही पायांवर उभी आहे, हब मी काल स्वतः लॉक केलेत. आणि आडवे झाले." त्यानं डोळे पुसले. "बाई, ते ठोकळे माझ्याच गाडीखाली होते! संध्याकाळी निघताना गाडी हलेना. उतरून बघितलं, तर उंच गवतात, चाकामागे. मला माहीत असतं तर मी दिले नसते का?"

"तोवर बाकीचे?"

"दादा तर केव्हाच काकांबरोबर ॲम्ब्युलन्समधून गेला होता. भागीदार आणि पोलिस होते, ते पुढे निघालेले. मी एकटाच. ठोकळे गाडीत टाकले आणि आलो. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

आत्यानं पिशवी खाली ठेवली. मला वाटलं दमली.

"जॅक लावण्याआधी काय चाललं होतं? चहा झाला होता?" तिनं हळूच विचारलं.

"झाला ना. काका मस्त मूडमध्ये होते. विंचचा धडा दिला मला, म्हणजे म्हातारीच्या पुढचं ते रुतलेली गाडी तारेनं ओढून काढायचं यंत्र. विंचची तार ताणलेली असताना कधी ओलांडायची नाही. म्हणाले, माझा जोडीदार घाईघाईत ओलांडायला गेला, तार तुटली, जागेवर गेला. म्हणाले, शहाणा होता पण घाई नडली." तो जरा थांबला. "तेव्हाच दादाच्या हातातला कप पडला. पायावर सांडला सगळा चहा. पण ओरडला नाही तो."

तो जोडीदार म्हणजे आमचे बाबा. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. दादानंही ऐकली असेल. कप कधी पडला नव्हता.

४

भागीदार कोठडीत गुडघे जवळ घेऊन बसला होता. मला बघताच उठला.

"आलास? तुझ्या तोंडाला एक हब बसवून घे. निदान लॉक तरी करता येईल."

मी मान खाली घातली.

"माझी पोरगी आज शाळेतून अर्ध्यावर परत आली," तो म्हणाला. "वर्गातल्या पोरांनी तिला विचारलं, तुझा बाप खुनी आहे का? तू सांग जाऊन तिला."

आत्या गजांजवळ गेली. "भांडण कशावरून झालं?"

"म्हातारीवरून, आणखी कशावरून? गिऱ्हाईक मिळालं होतं. जुन्या गाड्या जमवणारा आहे एक. अख्खी पाहिजे होती त्याला, एक ओरखडा नको. मी म्हटलं, विकू आणि दोन नव्या घेऊ. काका म्हणाले, आधी मला विक." तो खिन्न हसला. "आता पुराव्याची गाडी कोण घेतंय? मी मारायचंच ठरवलं असतं तर निदान म्हातारीला सोडून बाकी कशाखालीही मारलं असतं."

"टायरचं काय झालं होतं?"

"पंक्चर नव्हतंच ते. मी हवा भरून बघितली, भोक नाही. व्हॉल्व्हची पिन ढिली होती. पण ती फिरवायची चावी आमच्या सगळ्यांच्या खिशात असते. चिखलात शिरायच्या आधी हवा कमी करावीच लागते ना."

आम्ही निघालो तेव्हा त्यानं मागून हाक मारली.

"बाई, एक सांगू? आदल्या संध्याकाळी भांडण झाल्यावर काका ओढ्यावर जाऊन बसले. याचा दादा त्यांना समजवायला गेला. बराच वेळ बसले होते दोघं. काका रडत होते. माझ्यावरून रडतायत असं वाटून मलाच लाज वाटली. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं."

बाहेर आल्यावर आत्या ठाण्याच्या पायरीवर खाली बसली.

"कोण आहे मग?" मी विचारलं. "फोटोवाल्याला अक्कल नाही, भागीदाराला कारण नाही. उरतं कोण?"

"गॅरेजवर चल," ती म्हणाली आणि पदर झटकून उठली. गॅरेजवर तर दादा होता.

५

भर दुपार होती. पोलिसांनी दादाला सोडून दिलं होतं, कारण आता त्यांच्याकडे भागीदार होता. दादा गॅरेजमध्ये एका गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. डाव्या पायावर भाजल्याचा लाल चट्टा.

"बाहेर ये, पोरा," आत्या म्हणाली.

तो आला. फडक्याला हात पुसत उभा राहिला.

"तुझा ब्रेक मी उघडून बघितला."

"मग? कच्चा होता ना?"

"गाडीमागे सरळ ओढ्यापर्यंत उतार मोकळा होता. ब्रेक कच्चा असता तर ती काकांवरून पाण्यात गेली असती. ती हातभर आली आणि थांबली. चाक जमिनीला टेकताक्षणी तुझ्या ब्रेकनं तिला धरलं. हे एखाद्या शिकाऊ पोराला कळलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. तुला कळलं नाही?"

दादा बोटांतलं ग्रीस पुसत राहिला.

"मी आयुष्यभर मिस्त्री बघितलेत. कच्चं काम करून पक्कं म्हणणारे सगळे. पक्कं काम करून कच्चं म्हणणारा तू पहिलाच. तू ड्रम उघडून बघा असंही म्हणाला नाहीस. उलट सही केलीस. का, तर ब्रेकचं नाव निघालं की हबकडे कुणी बघणार नाही."

"आत्या, काय बोलतेस तू!" मी ओरडलो. "भागीदार..."

"तू गप्प बस. ठोकळे कुठे होते, ते तुला कुणी सांगितलं?"

"दादानं. फोटोवाल्याच्या गाडीखाली होते म्हणून."

"कधी सांगितलं?"

"दुपारी. घरी आल्या आल्या..."

 फोटोवाल्याला ठोकळे सापडले संध्याकाळी. एकट्याला. त्यानं कुणाला सांगितलंही नव्हतं. काकांनी ठोकळे कुणी नेले विचारलं तेव्हा दादा तिथंच उभा होता, आणि बोलला नव्हता.

"ज्यानं ठेवले त्यालाच माहीत होतं," आत्या म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "टायरची पिन, ठोकळे, हब. तीनही एकाच हाताचं काम. काका स्वतःच जॅक लावणार हे ठाऊक असलेल्याचं. फक्त कारण मला माहीत नाही. ते तू सांगायचंस."

दादा उलट्या बादलीवर बसला. फडक्याच्या घड्या घालू लागला.

"बाबांनी तार ओलांडली नव्हती," तो म्हणाला.

आत्यानं गाडीच्या टपाला हात टेकवला.

"बाबा विंचपाशी वाकून तार सरळ करत होते. थांब म्हणून हात वर केला होता त्यांनी. काका गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होते, बघितलंच नाही, क्लच सोडला आणि तार खेचली गेली. हे मला त्यांनीच सांगितलं, ओढ्यावर. भागीदार म्हणाला होता विकू म्हातारी, आणि ते फुटले. म्हणाले, ती कशी विकू, तुझ्या बापाचं रक्त आहे तिच्यावर. पाय धरले माझे. म्हणाले, आयुष्यभर छातीवर धोंडा आहे, तू माफ कर."

"आणि?"

"मी माफ केलं, आत्या." दादानं वर बघितलं. "खरंच केलं. उठवलं त्यांना, पाणी दिलं. म्हातारा माणूस, चूक झाली, म्हटलं जाऊ दे. शांत झोपलो मी. आणि सकाळी चहाला बसलो, तर त्यांनी त्या फोटोवाल्याला तीच गोष्ट सांगितली. हसत. शहाणा होता पण घाई नडली. माझ्यासमोर! धोंडा त्यांनी माझ्या छातीवर ठेवला आणि स्वतः हलके होऊन पुन्हा बाबांनाच मूर्ख ठरवायला मोकळे."

 पत्र्यावर कावळा चालत होता त्याचा आवाज येत होता.

"चहानंतर ते सगळे सामान आवरत होते. मी ठोकळे उचलले. मग पिन. मग हब. हात आपोआप चालले, जसे रोज कामात चालतात. ते ठोकळे शोधायला लागले तेव्हा वाटलं बोलावं. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात ते म्हणाले, म्हातारी चारही पायांवर उभी आहे, आणि मी तोंड मिटलं."

आत्यानं डोळे मिटून घेतले. तिच्या भावाला इतकी वर्षं सगळं जग घाईचा माणूस म्हणत होतं. तीही म्हणत होती.

"मी कुणाला काही सांगणार नाही," ती शेवटी म्हणाली. "माझ्या भावाचा मुलगा आहेस. पण त्या कोठडीत एक माणूस बसलाय, आणि त्याच्या पोरीला शाळेत विचारतायत तुझ्या बापानं काय केलं."

दादा माझ्याकडे बघून जरासं हसला. "तसंच तुला विचारायचे, छोट्या. तुझा बाप मूर्खासारखा कसा मेला म्हणून. तू रडत यायचास."

तो उठला. नळावर हात धुतले, एकदाच. हत्यारं पुसून खिळ्याला लावली. आईला काय सांगायचं ते आत्याच्या कानात बोलला, मला ऐकू आलं नाही. आत्या म्हणाली, मी येते ठाण्यापर्यंत. तो नको म्हणाला नाही.

दारापर्यंत गेला आणि सवयीनं मागे वळला.

"त्या गाडीचं काम अर्धं राहिलंय. खाली जाशील तर आधी ठोकळे बघ."

ते गेल्यावर मी वाकून बघितलं. एकच चाक जॅकवर होतं. बाकी तिन्हींना पुढून आणि मागून ठोकळे लावलेले होते, घट्ट, पायानं ठोकून बसवलेले. मी एक हलवून बघितला. हलला नाही.